जपानवर प्रेम करणाऱ्या जोडप्याला आहेर काय द्यावा?

पुण्यात जपानी भाषेचे वर्ग कित्येक दशकं भरत आले आहेत. भाषेच्या परीक्षा देऊन जपानी कंपनीत लागलेली, दोन-तीन वर्षं तोक्यो किंवा नागोयाला राहून आलेली मुलंमुली आता नात्यागोत्यात, शेजारात सहज भेटतात. जे जपानला गेलेले नाहीत त्यांच्याही मनात मियाझाकींचे चित्रपट, मांगा आणि रामेन यांनी घर केलं आहे. अशा दोघांचं लग्न ठरलं की जवळच्या माणसांना प्रश्न पडतो, आहेर काय करायचा? बाजारात ‘जपानी’ म्हणून मिळणारे ड्रॅगन, झगमगीत पंखे आणि चेरीच्या फुलांचे छापील मग बहुतेकदा जपानशी संबंध नसलेले असतात. ज्यांना जपान कळतो त्यांच्या हे चटकन ध्यानात येतं. आपल्या आवडीची दखल वरवर घेतली गेली, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

खरं तर जपानमध्ये भेट देण्याची फार विचारपूर्वक घडवलेली रीत आहे. ती थोडी समजून घेतली तर निवड सोपी होते, आणि कमी पैशांतही मोलाचा आहेर करता येतो. त्या रीतीतून मी घेतलेलं सूत्र असं: शोभेच्या कपाटात बसणारी वस्तू टाळावी आणि रोज हातात येणारी द्यावी. ती कुठल्या गावची, कशी वापरायची आणि कशी जपायची, हेही सोबत सांगावं.

या सूत्राला जपानमध्येच भक्कम आधार आहे. यानागी सोएत्सु या विचारवंताने 1925च्या सुमारास हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या कुंभारांच्या साथीने ‘मिंगेई’ म्हणजे लोककलेची चळवळ उभी केली. अनामिक कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या भांड्यांत, कापडांत, टोपल्यांत खरं सौंदर्य असतं, हा तिचा गाभा. 1936 साली तोक्योत त्यांनी उभारलेलं लोककला संग्रहालय आजही चालू आहे. पुढे 1974 साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा झाला. त्यात मान्यता मिळवायची तर वस्तू मुख्यतः दैनंदिन जीवनात वापरली जाणारी असावी लागते. ती प्रामुख्याने हाताने घडवलेली हवी आणि तिचं तंत्र किमान 100 वर्षं जुनं हवं. अशा वस्तूंवर मान्यतेची खूणचिठ्ठी असते. खरेदी करताना ती पाहून घ्यावी.

पाकीट द्यायचं असेल तर

जपानमध्ये लग्नाला जाणारे पाहुणे सहसा रोख रक्कमच देतात. मित्राच्या लग्नाला 30,000 येन ही सर्वसाधारण रीत आहे. रकमेचा पहिला आकडा विषम असावा, म्हणजे तो दोघांत समान वाटता येत नाही. आपल्याकडच्या 101, 501, 1001 रुपयांमागची भावना याहून फार लांब नाही. चार आणि नऊ हे आकडे मात्र तिथे कटाक्षाने टाळतात, कारण त्यांचे उच्चार मृत्यू आणि क्लेश या शब्दांसारखे आहेत. नोटा कोऱ्या करकरीत असतात. त्यासाठी लोक बँकेतून मुद्दाम नव्या नोटा आणतात, कारण त्यातून या दिवसाची आपण आधीपासून तयारी केली होती, हे दिसतं.

पाकीटही साधं नसतं. जाड कागदाच्या त्या पाकिटावर मिझुहिकी नावाच्या, पिळलेल्या कागदी दोऱ्यांची गाठ असते. लग्नासाठी लाल-पांढरे किंवा सोनेरी-रुपेरी दहा दोरे घेतात आणि गाठ अशी मारतात की ती ओढून सुटत नाही. सहज सुटणारी फुलपाखरी गाठ बाळाच्या जन्मासारख्या, पुन्हापुन्हा यावा अशा आनंदासाठी राखलेली असते. लग्नाला ती चालत नाही. काळे-पांढरे दोरे दुःखाच्या प्रसंगाचे. मागच्या बाजूला खालची घडी वरच्या घडीवर यावी लागते, उलट घातली तर ते शोकाचं पाकीट होतं. हे पाकीट रेशमी रुमालात गुंडाळून न्यायचं आणि स्वागताच्या टेबलापाशी उलगडून दोन्ही हातांनी द्यायचं.

जपानला जाऊन आलेल्या मित्राकडून असं एक पाकीट मागवता येतं. ते न मिळाल्यास जाड हातकागद आणि लाल-पांढरा दोरा घेऊन घरी करता येतं. आत 1,001 रुपये असोत की 10,001, गाठ बरोबर असेल तर ज्यांना तिचा अर्थ ठाऊक आहे ते दोघं ती जपून ठेवतील.

स्वयंपाकघरात रुळणाऱ्या वस्तू

नव्या संसाराला सर्वांत जास्त उपयोग होतो तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा. जपानी लग्नातली रुळलेली भेट म्हणजे ‘मेओतो-जावान’, एकाच घडणीच्या भाताच्या वाट्यांची किंवा चहाच्या पेल्यांची जोडी. परंपरेने त्यातलं एक भांडं थोडं मोठं आणि एक लहान असतं. आजच्या जोडप्याला सारख्या आकाराची, पण वेगळ्या रंगाची जोडी जास्त रुचेल, आणि अशाही जोड्या जपानी कुंभार करतात. चिनी मातीची हवी असेल तर क्यूशू बेटावरच्या आरिता गावची पाहावी. री साम्पेई या कोरियन कुंभाराला 1616 साली तिथे योग्य माती सापडली आणि जपानी पोर्सेलिनची सुरुवात झाली, असं मानतात. पूर्ण संच द्यायचा असेल तर लक्षात ठेवावं की आपण सहा ताटल्या घेतो, जपानी संच पाचाचा असतो. संचात एक ताटली कमी पडली, असं समजू नये.

दोघांना स्वयंपाकाची आवड असेल तर मी ‘दोनाबे’ सुचवेन. दोनाबे म्हणजे झाकणाचं जाड मातीचं भांडं. मिए प्रांतातल्या इगा भागातलं दोनाबे विशेष प्रसिद्ध आहे. तिथली माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाची. तिच्यातले वनस्पतींचे अवशेष भट्टीत जळून जातात आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. म्हणून हे भांडं हळू तापतं, उष्णता बराच वेळ धरून ठेवतं आणि विस्तवावर टिकतं. पहिल्या वापराआधी त्यात तांदळाची पातळ पेज मंद आचेवर शिजवायची असते. पेजेतली खळ छिद्रांत भरते आणि भांडं गळत नाही. भांडं बाहेरून ओलं असताना आचेवर ठेवायचं नाही आणि तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतायचं नाही. गॅसवर ते छान चालतं. इंडक्शनच्या शेगडीसाठी मात्र खास तळ असलेलंच घ्यावं लागतं, तेव्हा त्यांच्या घरी कोणती शेगडी आहे हे आधी विचारावं. जपानी तांदूळ इथे महाग पडतो. पण आपला मऊ, थोडा चिकट होणारा इंद्रायणी या भांड्यात उत्तम शिजतो. दोनाबेसोबत मावळातल्या इंद्रायणीची पिशवी दिली तर तो आहेर दोन्ही घरांचा होतो.

थोडा मोठा खर्च करायची तयारी असेल, किंवा चार मैत्रिणींनी मिळून काही द्यायचं असेल, तर वाजिमाच्या रोगणकामाचे वाडगे पाहावेत. इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकाला वाजिमा हे गाव आहे. तिथे लाकडी वाडग्याच्या काठासारख्या नाजूक जागी आधी कापड चिकटवतात. मग भाजलेल्या मातीची पूड आणि ‘उरुशी’ झाडाचा चीक यांचे थरावर थर देतात. एक वाडगा पुरा व्हायला शंभराहून अधिक टप्पे लागतात. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी लाखकामाची परंपरा आहे, पण ती लाख किड्यापासून मिळते आणि उरुशी हा झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं आहे. बिब्बा अंगाला लागला की कातडी उतते, तशीच कच्च्या उरुशीनेही उतते. वाळून टणक झाल्यावर मात्र ती निरुपद्रवी होते. ‘वाळणं’ हे नाव तिथे थोडं फसवं आहे. उरुशी कोरड्या हवेत घट्ट होत नाही, तिला दमट हवा लागते. त्या ओलाव्यात चिकातला एक घटक हवेतला प्राणवायू वापरून त्याचा कठीण, चिवट थर बनवतो.

या वाडग्यात गरम सार घेतलं तरी हाताला चटका बसत नाही, आणि वाडगा ओठाला लागतो तो मऊ. तो मायक्रोवेव्हमध्ये, डिशवॉशरमध्ये किंवा कडक उन्हात ठेवायचा नाही, मऊ कापडाने धुऊन पुसायचा. 1 जानेवारी 2024 रोजी नोतोला 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमातल्या बाजारपेठेचा मोठा भाग आगीत गेला आणि अनेक कारागिरांची कामाची जागा उद्ध्वस्त झाली. आज तिथला एक वाडगा विकत घेणं म्हणजे पुन्हा उभं राहू पाहणाऱ्या एका हस्तकलेला हात देणं आहे. जपानवर जीव असलेल्या जोडप्याला हे सांगितलं तर त्या वाडग्याची किंमत त्यांच्या दृष्टीने कितीतरी वाढेल.

चहाच्या शौकिनांसाठी इवाते प्रांतातलं ‘नाम्बु’ ओतीव लोखंड आहे. इथे एक घोळ टाळायला हवा. पाणी उकळायची किटली आणि चहा मुरवायची किटली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाणी उकळायच्या किटलीच्या आत एनॅमल नसतं. ती विस्तवावर ठेवतात, आतून कधी घासत नाहीत आणि वापर झाला की पाणी ओतून तिच्याच उष्णतेने कोरडी होऊ देतात. चहाच्या किटलीला आतून एनॅमल असतं, ती विस्तवावर ठेवायची नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून कोणती दिली हे चिठ्ठीत लिहावं. माच्चा, म्हणजे पुडीचा हिरवा चहा, आवडत असेल तर नारा प्रांतातल्या ताकायामाची बांबूची घुसळणी सुंदर असते. बांबूचा एकच तुकडा चिरून चिरून तिच्या डझनावारी काड्या काढलेल्या असतात. माच्चाची पूड मात्र लहान डब्यातच आणि ताजी घ्यावी, ती लवकर उतरते.

विजेची उपकरणं शक्यतो नकोत. जपानमध्ये घरातली वीज 100 व्होल्टची आणि आपल्याकडे 230ची. तिथला राइस कुकर इथे तसाच लावला तर जळतो.

भिंतीसाठी आणि बैठकीसाठी

चित्रांची आवड असलेल्यांना लाकडी ठशांची छापचित्रं द्यावीत. होकुसाईची मोठी लाट सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि कदाचित तिचा पोस्टर त्यांच्याकडे असेलही. त्यापेक्षा हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या 1856 ते 1858 मधल्या मालिकेतलं एखादं चित्र निवडावं. त्यातलं 1857चं, पुलावर कोसळणाऱ्या अवचित सरीचं चित्र मला लग्नाच्या आहेरासाठी फार योग्य वाटतं. पाऊस बारीक तिरक्या रेघांनी दाखवला आहे आणि माणसं छत्र्या, चटया डोक्यावर घेऊन धावताहेत. पुढे व्हॅन गॉगने 1887 साली त्याची तैलरंगात नक्कल केली. आपल्या मृगाच्या पावसाशी नातं असलेल्या कुणालाही हे चित्र भिडेल.

मूळ जुनी प्रत परवडणारी नसते. पण जुन्या पद्धतीने नवे ठसे कोरून, हाताने छापलेल्या प्रती आजही तयार होतात. तोक्योतली आदाची ही संस्था त्यासाठी ओळखली जाते. हाताने छापलेलं चित्र ओळखायचं तर कागद उलटून पाहावा. रंग तंतुमय कागदात मुरून मागे उतरलेला दिसतो आणि छापताना घासलेल्या चकतीच्या गोल खुणा सापडतात. यंत्रावर छापलेल्या प्रतीची मागची बाजू कोरी असते.

खर्च कमी ठेवायचा असेल तर इकेबानाचं ‘केन्झान’ आहे. पितळी टोकदार खिळ्यांची ही जड चकती उथळ ताटलीत ठेवून तिच्यावर फुलं उभी करतात. तिच्यासोबत दोघांसाठी इकेबानाच्या वर्गाचं शुल्क भरता आलं तर उत्तमच. मुंबई-पुण्यात असे वर्ग आहेत. मग दारातल्या जास्वंदीची एक फांदीही पुरते. बोन्साय द्यायचं असेल तर थंडी मागणारा जुनिपर इथे आणू नये. वडाच्या जातीतलं झाड आपल्या हवेत टिकतं.

शुभचिन्हं आणि देव

जपानी लग्नात करकोचा आणि कासव सतत भेटतात. करकोचाचं आयुष्य हजार वर्षांचं आणि कासवाचं दहा हजारांचं, अशी लोकसमजूत आहे. पाइन, बांबू आणि प्लम ही तीन झाडंही तशीच शुभ मानतात. थंडीतही हिरवी राहणारी दोन आणि थंडीतच फुलणारं एक. सहजीवनाचं सर्वांत सुंदर चिन्ह मात्र ‘ताकासागो’चं. झेआमी या नाटककाराच्या नोह नाटकात जो आणि उबा हे म्हातारं जोडपं येतं. ते दोघं खरं तर दोन गावांतल्या पाइन वृक्षांचे आत्मे असतात, दूर राहूनही एकमेकांचे झालेले. चित्रांत आजोबांच्या हाती दंताळं असतं आणि आजींच्या हाती झाडू. जपानी स्वागतसमारंभात वधूवर बसतात त्या मुख्य आसनाला आजही ‘ताकासागो’च म्हणतात. या जोडीचं चित्र, बाहुल्या किंवा रुमाल मिळाला तर बिनदिक्कत घ्यावा.

दारुमा बाहुलीही योग्य ठरते. परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माचं हे रूप. गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीला कागदाच्या लगद्यापासून या बाहुल्या करतात. तिच्या भुवया करकोचाच्या आणि दाढी कासवाची असते. डोळे कोरे ठेवलेले असतात. संकल्प करताना आधी तिचा डावा डोळा रंगवायचा आणि संकल्प पुरा झाला की उजवा. अलीकडे जपानी जोडपी लग्नातच दारुमाचे डोळे मिळून रंगवतात.

देवांच्या मूर्तींबाबत जरा जपून. सरस्वती जपानमध्ये बेन्झाइतेन म्हणून पुजली जाते. ती तिथे कलांची आणि संपत्तीची देवता आहे. पण तिच्या देवळाला जोडीने गेलं तर ती मत्सराने ताटातूट घडवते, अशी लोकसमजूत आहे. लग्नाला तिची प्रतिमा देणं म्हणून टाळावं. गणपती तिथे कान्गितेन होतो. एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींचं हे रूप गुप्त मानलं जातं, मूर्ती बंद दारांआड ठेवतात. ती शोधत बसू नये. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या मात्सुचियामा मंदिरात त्याला मुळा वाहतात. तिथे एकमेकांत गुंफलेले दोन मुळे हे दांपत्यातल्या मेळाचं चिन्ह आहे. गणपतीच्या घरातल्या मुलामुलीला ही गोष्ट ऐकायला नक्की आवडेल.

हे टाळलेलं बरं

सुरीबाबत जपानमध्येच दोन मतं आहेत. साकाई किंवा सेकीची सुरी ही जगात नावाजलेली वस्तू, पण जुन्या विचाराची माणसं तिला नातं तोडणारी मानतात. नवी पिढी तिच्यात पुढची वाट मोकळी करण्याचा अर्थ पाहते. द्यायचीच असेल तर घेणाऱ्याकडून एक नाणं घ्यावं, जपानमध्ये त्यासाठी पाच येनचं नाणं चालतं. कंगवा, पांढरा रुमाल, चार नगांचा संच आणि पांढरी शेवंती नको. नुसती हिरव्या चहाची पुडी देतानाही विचार करावा, कारण अंत्यविधीला आलेल्यांना परतभेट म्हणून चहा देण्याची रीत आहे. युकाता दिली तर घालण्याची पद्धत आवर्जून सांगावी. घालणाऱ्याची डावी बाजू नेहमी वर येते. उलट नेसवतात ती मृताला.

बांधणी आणि देण्याची वेळ

आहेर चकचकीत कागदात गुंडाळण्याऐवजी फुरोशिकीत बांधावा. हे चौकोनी कापड जपानमध्ये शतकानुशतकं वापरात आहे. 2006 साली तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री कोइके युरिको यांनी प्लास्टिक कमी व्हावं म्हणून त्याचा नव्याने प्रसार केला. वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश असेल तर गाठ नीट बसते. हे कापड जपानी असायलाच हवं असं नाही. फुरोशिकीची पद्धत आणि आपलं खादीचं किंवा ठशांची छपाई केलेलं सुती कापड एकत्र आलं तर तोही आहेराचाच भाग होतो. सतराव्या शतकापासून डच जहाजांनी भारतीय छापील सुती कापड जपानला नेलं. तिथे ते ‘सारासा’ म्हणून इतकं मौल्यवान ठरलं की चहाच्या समारंभातली भांडी त्यात गुंडाळून ठेवत.

शेवटचा मुद्दा वेळेचा. जपानमध्ये वस्तूरूप भेट समारंभात नेत नाहीत, ती लग्नाआधी घरी पोचवतात, म्हणजे त्या दिवशी नवदांपत्यावर ओझं वाढत नाही. आपल्या मंगल कार्यालयातल्या गर्दीत तर हे फारच उपयोगाचं आहे. तिथे दिलेली नाजूक वस्तू दहा हातांतून जाते आणि कुणी दिली हेही विसरलं जातं. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी किंवा सत्यनारायण झाल्यावर सवडीने त्यांच्या घरी जावं. सोबत मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात वस्तूचं नाव, गाव, वापर आणि जपणूक यांविषयी पाच-सहा ओळी असाव्यात. दोनाबे दिलं असेल तर पहिली पेज त्यांच्यासोबत शिजवावी, दारुमा दिला असेल तर डोळा रंगवताना तिथे असावं. ज्या गोष्टीवर त्या दोघांनी इतकी वर्षं प्रेम केलं ती आपण मनापासून समजून घेतली, हे त्यांना कळणं हाच आहेराचा मुख्य भाग आहे, आणि तो कोणत्याही खर्चात देता येतो.